पाव म्हणजे नक्की काय?

चिंचपोकळी_जलद

मंडळी, घरात पैज लागलीय, निकाल द्या.

गेल्या महिन्यात दादाचं लग्न झालं. वहिनी प्रयागराजची. मराठी शिकायचा उत्साह दांडगा, आणि आमचं बोलणं बरंचसं कळतंही. काल संध्याकाळी ती भाजी आणायला खाली उतरत होती, तेव्हा आईने स्वयंपाकघरातूनच यादी ओरडली, "मटार अर्धा, मिरची पाव, आलं थोडंसं, आणि पाव!"

दहा मिनिटांनी फोन. स्पीकरवर होता म्हणून सगळं शब्दशः ऐकलं.

"मम्मीजी, बाकी सब ले लिया। वो आख़िर वाला पाव... पाव क्या?"
"पाव गं."
"हाँ, पर किसका पाव?"
"किसका म्हणजे? बेकरीवाले का!"
"अच्छा, बेकरी से। पर बेकरी से पाव क्या लूँ?"
"अगं पावच घे!"

वहिनी मटार, मिरची, आलं आणि पाव किलो खारी घेऊन घरी आली.

तिचं म्हणणं साधं होतं. तिच्या माहेरी पाव म्हणजे पावभर, चौथा हिस्सा. जो खातात तो ब्रेड नाहीतर डबलरोटी. पावभाजी खाल्लेली होती, पण तो शब्द तिने अख्खाच गिळलेला, फोड केली नव्हती. मग चहा-खारीवर चर्चा पेटली. दादा म्हणाला, चार पाव जोडून येतात, त्यातला एक म्हणजे पाव हिस्सा, म्हणून पाव. बाबा म्हणाले, छे, पूर्वी पीठ पायाने तुडवायचे, पाँव वरून पाव. त्यांच्या आजीने याच कारणासाठी आयुष्यभर घरात पाव येऊ दिला नाही. हरेल त्याने सगळ्यांना रविवारी वडापाव द्यायचा.

कोण बरोबर? आणि तुमच्या घरात, शेजारात, ऑफिसात ज्या कुणाची भाषा वेगळी आहे, त्यांना 'पाव' म्हटलं की काय दिसतं?

सात_अठ्ठावन्न

"अगं पावच घे" ला हसून हसून पुरेवाट. खारीचं काय झालं?

चिंचपोकळी_जलद

संपली.

उलटतपासणी

दोघेही चूक. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला जे म्हणतात तेच आपण उचललं. शेवटचा उच्चार नाकातून, साधारण 'पांव'. धागा बंद करा.

फोडणीचा_भात

उलटतपासणी, तुम्ही धागे बंद करायलाच येता का हो? आत्ता कुठे चहा टाकलाय.

अवांतर: चिंचपोकळीला जलद थांबत नाही.

चिंचपोकळी_जलद

म्हणून तर आयडी घेतलाय. आयुष्यात एक तरी थांबावी.

निमकी_पाऊणकी

मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

उलटतपासणी म्हणतात ते खाण्याच्या पावाबद्दल बरोबर आहे. पण दादा आणि बाबा यांचं भांडण मला फार आवडलं, कारण ते दोघे नकळत एकाच घरात उभे आहेत. संस्कृतात 'पाद' म्हणजे पाय, आणि पाद म्हणजे चौथा भागही. गाय-बैलाला पाय चार, त्यातला एक म्हणजे चतुर्थांश. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पाद किंवा चरणच म्हणतात. त्या पादाचा झिजून झिजून आपला वजनातला पाव झाला, हिंदीतलं पाँवही तिथूनच आलं आणि आपला पायसुद्धा. म्हणजे बाबांचा पाय आणि दादांचा हिस्सा हे सख्खे भाऊ. फक्त बेकरीतल्या पावाशी त्यांचं काही नातं नाही.

आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' सगळे म्हणतात, पण औट किती हे वर्गात विचारलं की निम्मे हात खाली जायचे. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावाने कमी. पावणेदोनमधलं 'पावणे' तेच, दोनाला पाव कमी. त्याचा आणि घरी येणाऱ्या 'पाव्हण्यां'चा संबंध नाही. वर्गात एकदा एकाने 'पावणेआठ'चा अर्थ 'आठ पाहुणे' असा लिहिला होता. मी अर्धा मार्क दिला, कारण त्याच्या घरी खरंच रोज तेवढे असायचे.

सात_अठ्ठावन्न

निमकी काकू, पाव मार्क पुरला असता.

नवटाक_नाना

वजनातला पाव निघालाच आहे तर माझ्या वडिलांचं किराण्याचं दुकान आठवलं. नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर अशी लोखंडी वजनं. १९५८ पासून किलो आले तरी गिऱ्हाईक कितीतरी वर्षं "पावशेर साखर" म्हणायचं आणि वडील मुकाट्याने पाव किलो द्यायचे. नाणीही तशीच, चवली-पावली. पावली म्हणजे चार आणे, मग पंचवीस पैसे. ३० जून २०११ पासून तीही चलनातून गेली. आमच्या गल्ल्यात अजून मूठभर पडल्यात, कोणी घेत नाही.

आता शेर गेला, वजनं भंगारात गेली, पण नवटाक आणि पावशेर हे शब्द एका खात्यात मात्र टिकून आहेत. "पावशेर मारून आलाय" म्हटलं की कोणी साखर समजत नाही.

फोडणीचा_भात

आणि ज्याला मराठीची लाज वाटते तो क्वार्टर म्हणतो. १८० मिली. म्हणजे पुन्हा पावच!

दंडकारण्य

सगळं पोर्तुगीजांनी दिलं म्हणायची फॅशनच आहे. पाद, पाव, पाँव हे आपलेच, तर खायचा पाव तेवढा बाहेरचा कसा? कशावरून त्यांनीच आपला पाद नेला नसेल?

उलटतपासणी

नेला नाही हो. त्यांचा शब्द लॅटिनमधल्या 'पानिस'वरून आला. स्पॅनिशमध्ये 'पान', इटालियनमध्ये 'पाने'. हे सगळे जुने सोयरे आहेत, पोर्तुगीज भारताच्या वाटेला लागण्याच्या कितीतरी आधीचे. दोन माणसं तोंडावरून सारखी दिसली म्हणून एका आईची होत नाहीत.

आणखी एक बघा. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजच, तिथेही शेवटी तोच नाकातला 'आंव' आहे आणि मराठीत त्याचा 'आव' झाला. पाव आणि लिलाव एकाच साच्यातून निघालेत. शिवाय पगार, चावी, बटाटा, घमेलं, पिंप, फीत, काजू. एवढे शब्द घेतले तेव्हा नाक कापलं नाही, मग पावानेच काय घोडं मारलंय?

दंडकारण्य

पगार परत करायला तयार आहे कोणी?

सात_अठ्ठावन्न

आमच्याकडे महिन्याच्या दहा तारखेला आपोआप परत जातो, ईएमआयवाल्यांकडे.

माजगावकर_वरचा_मजला

पायाने तुडवण्याबद्दल लिहितो. माझं लहानपण एका बेकरीच्या बरोबर वरच्या मजल्यावर गेलं. हिवाळ्यात लादी गरम असायची, उन्हाळ्यात आई रडायची. पहाटे तीनला खाली काम सुरू व्हायचं. मागच्या जिन्याच्या खिडकीतून सगळं दिसायचं. मोठं लाकडी पिंपाड आडवं कापल्यासारखं भांडं, त्यात मैदा, आणि दोन माणसं बनियनवर, कोपरापर्यंत हात आत. पीठ उचलून आपटायचे, त्याचा आवाज यायचा 'थप्प', मग शांत, मग पुन्हा 'थप्प'. मी त्या आवाजावर झोपायला शिकलो. पाय कधी आत गेलेला पाहिला नाही.

मग गोळे करून पत्र्याच्या ट्रेमध्ये रांगेने मांडायचे, मध्ये बोटभर जागा सोडून. तासाभरात ते फुगून एकमेकांना चिकटायचे. जोडलेले पाव म्हणतात ते हेच. जोडत कोणी नाही, शेजारी ठेवले की आपणच चिकटतात, चाळीसारखे. त्यामुळे चार म्हणून पाव हा दादांचा मुद्दा बाद. ट्रेमध्ये कितीही असत, दुकानदार हवी तशी तोडून देतो.

बोरिवली_धीमी

लादीत सहा असतात.

माजगावकर_वरचा_मजला

आमच्याकडे बाराची निघायची, सहाची अर्धी.

बोरिवली_धीमी

सहा. मी रोज आणते.

फोडणीचा_भात

आमच्या नाक्यावर आठ आहेत. लढा आता.

पदेराचो_पूत

गोंयचो हांव, सध्या गोरेगावात. आमच्याकडे नाकातून येणारा आवाज अजून शिल्लक आहे, आम्ही 'पांव'च म्हणतो. भाजणारा तो पदेर, हाही शब्द पोर्तुगीजच. सकाळी सायकलवर टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि पों-पों भोंगा. उंडो, पोयी, कातऱ्याचो पांव, कांकणां. मुंबईत येऊन 'पाव' मागितला आणि लुसलुशीत लादी मिळाली तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. आमच्या उंड्याला कवच असतं, चावायला दात लागतात. पूर्वी पीठ आंबवायला सूर, म्हणजे माडाची ताडी वापरत. म्हणजे नवटाक नानांचा पाव आणि आमचा पांव इथे भेटतात बघा.

नवटाक_नाना

पुढच्या वेळी गोव्याला गेलो की याच कारणाने जाईन. हिला दाखवायला हा प्रतिसाद जपून ठेवतो.

वसईची_सुकेळी

एक वेगळा अर्थ सांगते, तुमच्या यादीत नसेल.

आम्ही वसईचे ख्रिस्ती, घरात मराठीच, आमच्या पद्धतीची. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ मध्ये गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. दोनशे वर्षांत पाव आमच्या ताटात आला तो राहिलाच, पण भाकरीही राहिली. पाचवीत मला दादरच्या एका शाळेत घातलं. डब्यात पाव आणि सुकटीची चटणी होती. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "माकापाव!" मला अर्थ कळला नाही, सगळे हसले एवढं कळलं. घरी विचारलं तर पप्पा म्हणाले, कोकणीत 'माका पांव' म्हणजे 'मला पाव', गोव्याच्या लोकांना चिडवायचा शब्द आहे तो. मी म्हटलं, पण आपण गोव्याचे कुठे? ते म्हणाले, चिडवणाऱ्याला नकाशा लागत नाही.

आज तीच मुलं-मुली ऑफिसखाली उभं राहून वडापाव खातात. राग नाही आता. पण 'पाव'चा अर्थ विचारलात, तर माझ्या कानात तो बाकावरचा आवाज पहिला येतो, चव नंतर.

निमकी_पाऊणकी

सुकेळी, वर्गात समोर उभी राहून मीही असे शब्द ऐकले आहेत आणि प्रत्येक वेळी थांबवले नाहीत. लिहिलंस ते बरं केलंस.

चिंचपोकळी_जलद

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सुकटीची चटणी कशी करतात ते विचार.

वसईची_सुकेळी

:) वेगळा धागा काढते.

टेंभीनाका

माझ्या ऑफिसातल्या बंगाली दादाला (तिकडे दादा म्हणजे थोरला भाऊच, आपल्यासारखा, पण हिंदीवाल्यांचा आजोबा) विचारलं. ते ब्रेडला 'पाउरुटी' म्हणतात. म्हणजे पाव अधिक रोटी, म्हणजे ब्रेडब्रेड. त्याला हे सांगितल्यावर तो दुपारभर गप्प होता.

बेळगावची_लेक

माझं माहेर बेळगाव, सासर धारवाडकडचं, आता मुलुंड. सासूबाई तांदूळ मोजताना 'पावु' म्हणतात, तेही पावशेरासारखं जुनं माप. तेलुगू शेजारीण पाव तासाला 'पावुगंट' म्हणते आणि चार आण्यांना 'पावला'. हे सगळं नाना-काकूंच्या घराण्यातलं.

पण खरी गंमत जुन्या कानडीत. तिथे 'पावु' म्हणजे साप! पुढे कानडीतला 'प' पुष्कळ ठिकाणी 'ह' झाला, तमिळमध्ये दूध 'पाल' तर कानडीत 'हालु', तसा सापही 'हावु' झाला. थोडक्यात वाचलो. नाहीतर सासूबाईंच्या पूर्वजांना "पाव आणलाय, पिशवीत आहे" म्हटलं असतं तर घर रिकामं झालं असतं.

चेंबूर_छावणी

शेजारच्या मल्याळी आंटी माझ्या मुलाकडे बघून सारख्या "पावम, पावम" करायच्या. बायको म्हणाली, त्याला भूक लागलीय असं वाटतं त्यांना. दोन दिवस आम्ही त्याला पाव-लोणी देत होतो. नंतर कळलं, पावम म्हणजे बिच्चारा. शब्द मुळात आपला 'पाप', तिकडे जाऊन मवाळ झाला. आणि 'पावा' म्हणजे बाहुली. आपल्याकडे पावा म्हणजे बासरी. पोरगं नुसतं झोपायला आलं होतं, बिचारं.

सात_अठ्ठावन्न

पाव खाऊन पावम झालं.

लिस्बनहून_परत

दोन वर्षं तिकडे होतो, म्हणून एक सावधगिरीची सूचना. तिथल्या बेकरीत अस्सल दादरी उच्चारात 'पाव' मागू नका. शेवट नाकातून काढलाच पाहिजे. नाक विसरलात तर 'पाउ' होतो, म्हणजे लाकूड, काठी. आणि बोलीत त्या काठीचा आणखी एक अर्थ आहे जो इथले संपादक उडवतील. पहिल्याच आठवड्यात मी काउंटरवरच्या आजींकडे मोठ्या आत्मविश्वासाने दोन मागितले. आजी शांत होत्या, मागची रांग नव्हती.

फोडणीचा_भात

दोन!!

उलटतपासणी

हाच शब्द पूर्वेला पुढे गेला. जपानीत ब्रेडला 'पान' म्हणतात, पोर्तुगीजांकडूनच घेतलेला, तिथून कोरियनमध्ये 'प्पांग'. सिंहलीतही 'पान'. आपल्याकडे पान म्हणजे झाडाचं, वहीचं, जेवायचं आणि चुना लावलेलं, त्यामुळे कोलंबोत नाश्त्याला 'पान' विचारलं तर मुंबईकर म्हणेल, एवढ्या सकाळी?

बोरिवली_धीमी

माझ्या साडेतीन वर्षांच्या (औट वर्षांच्या, काकू!) नातीचा सिद्धांत ऐका. पावसाला पैसा देऊ करणारं बडबडगीत आहे ना, तिच्या मते तो पाववाला आहे. पैसा दिला की पाव मिळतो, मग गाण्यात दुसरं काय असणार? आणि परवा देवळात मी म्हटलं, "हा नवसाला पावणारा गणपती." तिने गाभाऱ्यात डोकावून विचारलं, "कुठे ठेवलेत?"

निमकी_पाऊणकी

तिला सांगा, 'पावणे' म्हणजे मिळणे, 'प्राप्' वरून. हिंदीतलं 'पाना' तेच. पैसे पावले म्हणून पावती, आणि देव पावला. पाऊस मात्र 'प्रावृष्'चा, त्याचं कुळ निराळं. किती वेगवेगळ्या नद्या येऊन एकाच दोन अक्षरांत पडल्यात.

दंडकारण्य

काकूंपुढे हात टेकले. पोर्तुगीज तर पोर्तुगीज. पण भट्टीचं काय चाललंय कोणाला माहीत आहे? जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं होतं. आमच्या नाक्यावरच्या ब्रून पावाची चव बदलल्यासारखी वाटते.

माजगावकर_वरचा_मजला

चव बदलली हे मान्य. पण त्या धुराने माझ्या आईला दमा झाला हेही लिहून ठेवा. ब्रून मस्का मलाही प्रिय आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारून मग हळहळ करावी.

दंडकारण्य

हे लक्षात आलं नव्हतं. मागे घेतो.

चिंचपोकळी_जलद

आज रविवार. निकाल असा की दादा आणि बाबा दोघेही हरले, म्हणून दोघांनी मिळून वडापाव द्यायचे ठरले. बाबा अजून पायाचा मुद्दा सोडत नाहीत. "माजगावला नसतील तुडवत, सगळीकडे कोण बघायला गेलंय?" म्हणतात. पण पैसे दिले.

वडे कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणले, पाव मात्र वहिनीनेच आणायचा हट्ट धरला. मी सोबत गेले. बेकरीतला माणूस आझमगढचा निघाला. दोघांचं गावाकडचं बोलणं सुरू झालं. तो म्हणाला, "भाभी, गाँव जाता हूँ तो मैं भी डबलरोटी ही बोलता हूँ। यहाँ आके पाव हो गया।" वहिनी खूश. मग ऐटीत, मराठीत म्हणाली, "पाव द्या. खायचा."

"एक लादी?"

वहिनी माझ्याकडे वळली, हळूच म्हणाली, "लादी तो सुबह मौशी पोंछके गई ना?"

माजगावकर_वरचा_मजला

लादी पुसतात आणि लादी खातात. मी वर लिहिलेली गरम लादी कोणती, हे आत्ता विचारू नका.

बोरिवली_धीमी

ते सगळं ठीक. लादीत निघाले किती?

चिंचपोकळी_जलद

मोजले नाहीत. येतायेता दोन मी खाल्ले.